जुन्या गाडीचं पुढचं सस्पेन्शन घरच्या अंगणात बदलताना

मी पहिल्यांदा घरी लोअर आर्म, म्हणजे चाकाला खालून चासीशी जोडणारा आडवा दांडा, बदलला तेव्हा काम फत्ते झालं असं वाटलं होतं. खडखड थांबली, स्टीअरिंग सरळ झालं, घरचे खूश. सहा महिन्यांनी अक्कलकोटहून परत येताना ब्रेक दाबला आणि तोच जुना ‘टक्’ पुन्हा ऐकू आला. घरी येऊन बॅटरीच्या उजेडात पाहिलं तर नव्या आर्मचा आतला बुश, म्हणजे चासीकडच्या सांध्यातलं रबर, फाटलेला. पार्ट खोटा नव्हता. गाडी घोडीवर (उचललेल्या गाडीला आधार देणाऱ्या लोखंडी स्टँडवर) असताना, चाकं हवेत लोंबत असतानाच मी बुशचा बोल्ट पूर्ण आवळला होता. त्या एका चुकीने नवा पार्ट गेला, आणि पूर्ण दिवसाची मेहनत पुन्हा करावी लागली.

हा लेख लिहायचं मूळ कारण तो फाटलेला बुश. आवळायची ती पद्धत पुढे नीट सांगतो, पण त्याआधी काय खराब झालंय ते ओळखणं, काय घरी करायचं आणि कशाला हात लावायचा नाही, हेही तितकंच गरजेचं आहे. आमची गाडी २००८ सालची छोटी हॅचबॅक आहे. पुढे मॅकफर्सन स्ट्रट, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअप एकाच खांबात, आणि खाली एक लोअर आर्म. अल्टो, वॅगनआर, सँट्रो, इंडिका, स्विफ्ट या सगळ्यांची पुढची रचना साधारण याच घराण्यातली आहे, त्यामुळे तुमची गाडी यांपैकी कुठलीही असली तरी बराचसा भाग लागू पडेल.

आपल्याकडे रबर लवकर का जातं

सोलापूर जिल्ह्यातली बरीचशी जमीन काळी. पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि तिच्यावरचा डांबरी रस्ताही तिच्याबरोबर वरखाली होतो. मंगळवेढ्याकडे किंवा बार्शीकडे जाताना रस्ता लांबून गुळगुळीत दिसतो, पण गाडी होडीसारखी हेलकावे खाते. उसाच्या हंगामात भरलेल्या ट्रॉल्यांनी पडलेल्या चाकोऱ्या वेगळ्याच. लांब हेलकावे शॉकअपला दमवतात, शहरातले खड्डे आणि गतिरोधक बुश आणि लिंक रॉडला मारतात. (वळणावर गाडी कलू न देणारा आडवा दांडा म्हणजे स्टॅबिलायझर बार, आणि त्याचं टोक चाकाच्या बाजूला जोडणारा छोटा रॉड म्हणजे लिंक रॉड.)

त्यात ऊन. मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर जातो तेव्हा रस्त्याची आणि इंजिनची उष्णता मिळून गाडीखालचं रबर रोज भाजून निघतं. आधी कडक होतं, मग त्याला बारीक चिरा पडतात, मग ते धातूपासून सुटतं. आर्मच्या चाकाकडच्या टोकाला जो गोल फिरता सांधा असतो तो बॉल जॉइंट. त्याच्यावरची रबरी टोपी, म्हणजे बूट, फाटली की आतलं ग्रीस बाहेर, धूळ आत. त्यानंतर तो जॉइंट किती दिवस टिकेल हे रस्त्यावर अवलंबून. म्हणूनच कमी चाललेली पण बारा-पंधरा वर्षं जुनी गाडी घेतली तर ‘फक्त चाळीस हजार चाललीय’ या बोलण्यावर सस्पेन्शनच्या बाबतीत विसंबू नका. रबर किलोमीटरने जातं तसं वयानेही जातं.

आधी आवाज ओळखा, मग खिशात हात घाला

सगळ्यात जास्त पैसे वाया जातात ते अंदाजाने पार्ट बदलण्यात. ‘शॉकअप गेले’ असं म्हणून दोन्ही स्ट्रट बदलले आणि आवाज तसाच राहिला, अशी उदाहरणं मी ओळखीच्यांकडे बघितली आहेत. शेवटी निघाला होता एक साधा लिंक रॉड.

ब्रेक मारताना किंवा रिव्हर्समधून पहिल्या गिअरमध्ये जाताना एकदाच ‘टक्’ वाजत असेल तर आधी लोअर आर्मच्या बुशवर संशय घ्या. आर्म पुढेमागे सरकतो आणि धातूला जाऊन लागतो, त्याचा तो आवाज. पेव्हर ब्लॉकच्या गल्लीतून हळू जाताना सतत ‘टकटक टकटक’ येत असेल तर बहुधा स्टॅबिलायझरचा लिंक रॉड किंवा त्या बारचे डी-आकाराचे बुश. उभ्या गाडीत स्टीअरिंग फिरवताना ‘कड्’ आवाज आला, स्प्रिंग उडी मारल्यासारखी वाटली, तर स्ट्रटच्या वरच्या माउंटिंगची बेअरिंग बघा. पूर्ण वळण घेऊन ॲक्सिलरेटर दाबल्यावर ‘कटकटकट’ आलं तर तो सस्पेन्शनचा आवाजच नव्हे. तो ड्राइव्ह शाफ्टचा, म्हणजे इंजिनची ताकद चाकाला देणाऱ्या दांड्याचा, जॉइंट आहे, आणि वेगाबरोबर चढत जाणारी घरघर ही व्हील बेअरिंगची. या दोन्हींची दुरुस्ती वेगळी.

आवाजावरून संशय येतो, खात्री हातानेच होते. एका पुढच्या चाकाजवळ जॅक लावून चाक जमिनीपासून दोन बोटं उचला. घोडी लावा. आता चाक वर आणि खाली, म्हणजे घड्याळातल्या बारा आणि सहावर, धरून हलवा. खेळ जाणवला तर बॉल जॉइंट किंवा व्हील बेअरिंग. दोघांतला कोण हे ठरवायला कुणाला तरी आत बसवून ब्रेक दाबायला सांगा. ब्रेक दाबल्यावर खेळ गायब झाला तर बेअरिंग, तसाच राहिला तर बॉल जॉइंट. मग चाक तीन आणि नऊवर धरून हलवा. इथे खेळ असेल तर टाय रॉड एंड किंवा रॅक एंड, म्हणजे स्टीअरिंगकडून चाक वळवणाऱ्या दांड्याचे सांधे. या तपासणीत माझा भाचा मोठा उपयोगी पडतो. मी चाक हलवतो आणि तो एकेका सांध्यावर बोट ठेवून बघतो. ‘मामा, हितंच हाय बघा, हाताला लागतंय’ असं तो म्हणाला की तो सांधा नक्की. दोन धातूंच्या फटीवर ठेवलेलं बोट कानापेक्षा जास्त खरं सांगतं. फक्त बोट सांध्याच्या बाजूला टेकवायचं, फटीत घालायचं नाही.

बुश तपासायला छोटी पहार घ्या. आर्म आणि चासी यांच्या मध्ये ती अडकवून हळू दाब द्या. रबर थोडं दबणारच, ते त्याचं कामच आहे. पण आतली लोखंडी नळी रबरापासून सुटून फिरत असेल, किंवा चिरेत पहारीचं टोक जात असेल, तर बुश गेला.

लिंक रॉड मात्र चाक हवेत ठेवून तपासू नका. एकच चाक उचललं की स्टॅबिलायझर बार पिळला जातो, लिंक रॉड ताणात राहतो आणि त्यातला खेळ लपतो. दोन्ही चाकं जमिनीवर असताना स्टीअरिंग एका बाजूला पूर्ण वळवा आणि हात आत घालून रॉड जोरात हलवा. खराब असेल तर हातातच वाजेल.

शॉकअपसाठी बॉनेटचा कोपरा दाबून सोडायची पद्धत सगळ्यांना माहीत आहे. गाडी एकदा वर येऊन स्थिरावली पाहिजे, डुलत राहता कामा नये. पण अर्धवट थकलेला शॉकअप या चाचणीत पास होतो. मी त्यापेक्षा दोन गोष्टींवर जास्त भरवसा ठेवतो. स्ट्रटच्या अंगावर ओलं तेल आणि त्यावर चिकटलेली धूळ आहे का, आणि टायरवर हात फिरवल्यावर ठरावीक अंतरावर खोलगट खळगे लागतात का.

घरी काय, बाहेर काय

लोअर आर्म पूर्ण बदलणं, लिंक रॉड, स्टॅबिलायझरचे बुश, टाय रॉड एंड, आणि स्ट्रट अख्खा काढून पुन्हा बसवणं, ही कामं नीट हत्यारं असली तर अंगणात होतात.

स्ट्रटवरून स्प्रिंग वेगळी करणं घरी करू नका. हे मी अगदी कळकळीने सांगतो. ती स्प्रिंग स्ट्रटवर बसलेली असतानाच दाबलेली असते. वरचा मधला नट सोडला की तिच्यात साठलेला सगळा जोर एकदम बाहेर येतो. हात तुटू शकतो, जबडा फुटू शकतो. स्वस्तातले दोन हुकांचे स्प्रिंग कंप्रेसर मिळतात, पण एक हूक घसरला तरी तोच प्रसंग. अख्खा स्ट्रट काढा, रिक्षात ठेवा, भिंतीवर बसवलेला पक्का कंप्रेसर असलेल्या गॅरेजात न्या. तासाभराचं काम आहे आणि मजुरी त्या मानाने काहीच नाही.

दुसरी गोष्ट बुशची. आर्म चांगला आहे आणि फक्त बुश बदलायचा आहे, तर जुना बुश हातोड्याने ठोकून काढायच्या फंदात पडू नका. आर्म वाकतो, त्याची कडा फाटते. हायड्रॉलिक प्रेस असलेल्या लेथवाल्याकडे द्या. यंत्रमागाचं गाव असल्यामुळे असे कारागीर आपल्याकडे सहज मिळतात. मी जिथे जातो तिथे एका बाजूला मागाचे सुटे भाग टर्न होत असतात आणि दुसऱ्या बाजूला गाड्यांचे बुश दाबले जातात. बुशवर बाण किंवा खूण असते, ती आर्मवर कुठल्या दिशेला आहे याचा काढायच्या आधीच फोटो घ्या आणि त्यांना दाखवा. दिशा चुकली तर बुश लवकर फाटतो. पण बॉल जॉइंटही सैल झाला असेल तर अख्खा आर्मच घ्या. काही गाड्यांत बॉल जॉइंट आर्मपासून वेगळा निघतच नाही.

पार्ट घेताना

दुकानात जाताना आरसी बुकाचा फोटो न्या. एकाच नावाच्या गाडीत साल बदललं की आर्म बदलतो, त्यामुळे चासी नंबरवरून पार्ट नंबर काढणं सगळ्यात खात्रीचं. डावा-उजवा बघून घ्या. शॉकअप नेहमी जोडीने बदला. एका बाजूला नवा, एका बाजूला दमलेला असेल तर जोरात ब्रेक मारताना गाडी सरळ राहत नाही. लिंक रॉडही मी जोडीनेच घेतो, कारण एक गेला की दुसरा फार लांब नसतो. लोअर आर्म मात्र एका बाजूचा खरोखर चांगला असेल तर ठेवायला हरकत नाही.

नव्या आर्मचा बुश बोटाने दाबून बघा. वर्षानुवर्षं गोदामात पडलेल्या मालाचं रबर पांढुरकं पडतं, वाकवल्यावर बारीक चिरा दिसतात. असा पार्ट परत करा. बरोबर नवे सेल्फ लॉक नट (आपोआप सैल न होणारे) आणि स्प्लिट पिना (नट फिरू नये म्हणून आरपार घालायच्या) घ्या. जुनी पिन सरळ करून पुन्हा घालणं, हा चार-पाच रुपयांसाठी घेतलेला फार मोठा धोका आहे.

हत्यारं आणि जागा

१२, १४, १७, १९ चे सॉकेट आणि त्याच मापांचे रिंग पाने, लांब दांडा, किलोभराचा हातोडा, छोटी पहार, तारेचा ब्रश, ॲलन पान्यांचा संच, गंज सोडवणारा स्प्रे, डोळ्यांना चष्मा. टॉर्क रेंच, म्हणजे ठरवलेल्या जोरानेच आवळता येणारा पाना, विकत घ्या किंवा एका दिवसासाठी कुणाकडून आणा. जोर किती लावायचा हे हाताला कळतं असं म्हणणाऱ्यांनीच आवळून तोडलेले बोल्ट मी काढले आहेत. आकडे आपल्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमधून एका कागदावर लिहून भिंतीला चिकटवा.

सगळ्यात महत्त्वाच्या दोन घोड्या. गाडीबरोबर मिळणारा कात्रीसारखा जॅक हा फक्त चाक बदलण्यासाठी असतो. त्याच्या जिवावर गाडीखाली एक हातसुद्धा घालायचा नाही. विटा, सिमेंटचे पोकळ ब्लॉक, दगडांची उतरंड, यांतलं काहीही घोडीच्या जागी चालत नाही. वीट अंगावर ताण येईपर्यंत काहीच सांगत नाही आणि मग एका क्षणात भुगा होते.

आपल्याकडे बहुतेक अंगणांत शहाबादी फरशी असते. तिच्या खाली कुठे पोकळी आहे ते वरून दिसत नाही. घोडीच्या चार पायांचा सगळा भार चार बिंदूंवर येतो आणि फरशी तडकते, घोडी कलते. घोडीखाली जाड प्लायवूडचा किंवा सागाच्या फळीचा तुकडा ठेवाच. जॅकखालीही ठेवा. उतार असलेल्या जागी हे काम करूच नका.

वेळ सकाळची. उन्हाळ्यात सहाला सुरुवात करून अकराच्या आत आवरायचं, त्यानंतर पाने हातात धरवत नाहीत आणि घाईत चुका होतात. एका बाजूच्या आर्मला पहिल्या वेळी तीन-चार तास धरा. दोन्ही बाजू एकाच दिवशी करायचा हट्ट नको. गाडीवर अवलंबून असाल तर रविवारी दुकानं बंद असतात हेही डोक्यात ठेवा. एखादा बोल्ट तुटला तर गाडी सोमवारपर्यंत घोडीवरच राहते.

प्रत्यक्ष काम: लोअर आर्म आणि लिंक रॉड

आदल्या संध्याकाळी सगळ्या बोल्टांना ब्रशने घासून गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा. रात्रभर तो आत झिरपतो आणि सकाळचं निम्मं भांडण मिटतं. ब्रेक डिस्कवर मात्र एक थेंब उडू देऊ नका.

सकाळी गाडी सपाट जागी, चारही चाकांवर उभी असतानाच टेप घ्या. पुढच्या चाकाच्या बरोबर मध्यापासून वर मडगार्डच्या कडेपर्यंतचं उभं अंतर मोजा आणि लिहून ठेवा. आमच्या गाडीत ते ३६ सेंटीमीटर भरतं. हा आकडा शेवटी लागणार आहे आणि गाडी उचलल्यावर तो मिळत नाही.

हँडब्रेक ओढा, मागच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून उटी लावा. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच पाव फेरा सैल करा. मग गाडीचा पुढचा भाग उचलून दोन्ही बाजूंना, चासीवर ठरवून दिलेल्या जागी, घोड्या लावा. एकाच बाजूचं काम असलं तरी दोन्ही बाजू उचला, म्हणजे स्टॅबिलायझर बार पिळलेला राहत नाही आणि लिंक रॉड सहज सुटतो. गाडी हाताने दोन्हीकडून चांगली हलवून बघा. हलायची असेल तर ती आत्ता हलू दे, तुम्ही खाली असताना नको. चाक काढून गाडीच्या कडेखाली आडवं सरकवा. घोडी कधी दगा देणार नाही अशी आशा आहेच, पण ते चाक शेवटचा आधार.

आधी लिंक रॉड. नट फिरवला की आतला दांडाही त्याच्याबरोबर फिरतो, म्हणून दांड्याच्या टोकाला ॲलन पान्यासाठी खाच किंवा मागे चपट्या बाजू दिलेल्या असतात. तिथे धरून नट सोडवा. खाच गंजून गुळगुळीत झाली असेल तर वेळ घालवू नका. रॉड टाकूनच द्यायचा आहे, नट ग्राइंडरने कापा. मारुती ८०० सारख्या काही जुन्या गाड्यांत लिंक रॉड नसतोच, स्टॅबिलायझर बारचं टोक थेट लोअर आर्ममधून जातं. तिथे टोकाचा नट, वॉशर आणि बुश यांचा क्रम फोटोत पकडा.

आता बॉल जॉइंट. याचे दोन प्रकार आणि दोन्हींची पद्धत अगदी वेगळी. बऱ्याच छोट्या गाड्यांत बॉल जॉइंटचा दांडा नकलमध्ये, म्हणजे चाकाचा हब धरणाऱ्या लोखंडी भागात, खालून घुसलेला असतो आणि एक आडवा बोल्ट त्याला चिमटीत धरतो. तो बोल्ट दांड्याच्या खाचेतून जातो, म्हणून बोल्ट नुसता सैल करून चालत नाही, पूर्ण बाहेर काढावा लागतो. मग नकलच्या चिरेत छेनी हलकेच ठोकून ती किंचित उघडा आणि आर्म पहारीने खाली दाबा. दुसऱ्या प्रकारात दांडा निमुळता असतो, त्यावर मुकुटासारखा नट आणि स्प्लिट पिन. इथे पिन काढा, नट चार-पाच आटे राहील इतका सैल करा आणि नकलच्या त्या कानावर बाजूने दोन-चार सणसणीत टोले द्या. टोला कानावर, दांड्यावर नाही. निमुळता सांधा ‘ठप्’ करून सुटतो. नट ठेवलेला असल्यामुळे आर्म तुमच्या पायावर पडत नाही.

सांधा सुटला की नकल मोकळा होतो आणि बाहेर झुलायला लागतो. इथे सावध राहा. तो फार बाहेर ओढला तर ड्राइव्ह शाफ्टचा आतला जॉइंट निसटू शकतो आणि गिअर ऑइल फरशीवर येतं. दोरीने किंवा तारेने नकल आत बांधून ठेवा. ब्रेकच्या नळीवर भार येत नाही ना हेही बघा.

आर्मचे आतले बोल्ट काढताना कुठला कुठे आणि कुठल्या दिशेने होता ते लक्षात ठेवा. दिसायला सारखे दोन बोल्ट लांबीने वेगळे असतात. जुना आर्म निघाला की नव्याच्या शेजारी फरशीवर ठेवा. भोकांची जागा, वळण, बॉल जॉइंटचा कोन, सगळं तंतोतंत जुळलं तरच पुढे. एका वेळी मला उजवीचा पार्ट डावीच्या खोक्यात मिळाला होता. तो बसवायच्या आधीच लक्षात आला तो या पाच मिनिटांच्या तपासणीमुळे.

नवा आर्म बसवताना आधी आतले बोल्ट हाताने लावा. हाताने चार-पाच आटे फिरत नसतील तर पान्याने जबरदस्ती नको, आटे तिरके बसतात. मग बॉल जॉइंट नकलमध्ये. चिमटीच्या प्रकारात दांड्याची खाच बोल्टाच्या भोकासमोर नेमकी आणा, बोल्ट हाताने आरपार गेला पाहिजे. निमुळत्या प्रकारात दांडा आणि भोक दोन्ही कोरड्या फडक्याने पुसा, तिथे ग्रीस लावायचं नाही. नट ठरलेल्या जोराने आवळा आणि पिनेचं भोक जुळत नसेल तर नट आणखी थोडा पुढे घ्या. मागे सैल करून भोक कधीही जुळवू नका. पिन घालून तिचे पाय पूर्ण वाकवा. बॉल जॉइंट आणि लिंक रॉडचे नट गाडी हवेत असतानाच पूर्ण आवळले तरी चालतात.

आता माझी ती चूक

आतला बुश म्हणजे दोन लोखंडी नळ्या आणि मध्ये चिकटवलेलं रबर. बोल्ट आवळला की आतली नळी चासीला घट्ट धरली जाते, बाहेरची नळी आर्मबरोबर फिरते. म्हणजे आर्म वरखाली होतो तेव्हा बुशमध्ये काहीही घसरत नाही, फक्त रबर पिळलं जातं आणि परत सरळ होतं. गाडी उभी असताना आर्म जिथे असतो तिथे रबर बिनताणाचं असलं पाहिजे.

गाडी हवेत असताना आर्म खाली लोंबतो. त्या स्थितीत बोल्ट आवळला तर ‘लोंबकळलेला आर्म’ हीच बुशची विश्रांतीची जागा ठरते. मग गाडी खाली आली की रबर कायमचं पिळलेलं. उभ्या गाडीतही पिळलेलं. त्यावर खड्डा आला की पीळ आणखी वाढतो आणि काही महिन्यांत रबर नळीपासून फाटून सुटतं. गाडीचा पुढचा भाग काही दिवस किंचित उंच वाटतो, तोही याच पिळामुळे.

म्हणून ज्या बोल्टाभोवती आर्म वरखाली फिरतो तो बोल्ट आता फक्त हलका टेकवून ठेवा, आर्म हाताने फिरला पाहिजे. बाकी सगळं आवळून झालं की जॅक बॉल जॉइंटच्या बाजूला, आर्मच्या मजबूत भागाखाली, मध्ये लाकडी गुटका ठेवून लावा आणि हळूहळू उचला. नकल वर येईल, स्प्रिंग दबेल. हबच्या मध्यापासून मडगार्डपर्यंतचं अंतर सकाळी लिहिलेल्या आकड्यावर आलं की थांबा आणि बोल्ट पूर्ण टॉर्कने आवळा.

हलक्या गाडीत आकड्यावर यायच्या आधीच ती घोडीवरून उचलली जायला लागते. घोडी आणि चासीमध्ये कागदाएवढी फट दिसली तरी तिथेच थांबा, जॅक खाली घ्या. अशा वेळी दुसरी पद्धत: चाक लावा, गाडी खाली उतरवा, पुढेमागे दोन-चार फूट ढकलून सस्पेन्शन बसू द्या, चार-दोनदा बॉनेट दाबा. मग पुढची चाकं रुंद, जाड फळ्यांच्या थप्पीवर किंवा रॅम्पवर चढवून, चाकांना उटी लावून, बाजूने लांब दांड्याचा पाना घालून बोल्ट आवळा. वीसेक मिनिटं जास्त जातात. गॅरेजमध्ये गाडी लिफ्टवर घेऊन काम करून घेत असाल तरी मिस्त्रींना एवढंच सांगा: ‘बुशचे बोल्ट गाडी खाली घेऊन आवळा.’ चांगला मिस्त्री याचं वाईट वाटून घेत नाही.

स्टॅबिलायझरच्या डी-बुशना काढघालीसाठी साबणाचं पाणी लावा. साधं ग्रीस किंवा इंजिन ऑइल रबराला फुगवतं आणि सडवतं.

स्ट्रट काढायचा असेल तर

नकलला धरणारे खालचे दोन बोल्ट सोडायच्या आधी त्यांच्या डोक्याभोवती आणि स्ट्रटच्या कडेवर रंगाची रेघ मारा. तिथे भोकात थोडी जागा असते आणि त्या जागेने चाकाचा उभा कल बदलतो. रेघेवर रेघ जुळवून बसवलं तर निदान जवळपास तिथेच येतं. ब्रेकच्या नळीची क्लिप आणि असेल तर एबीएसची वायर स्ट्रटपासून सोडवा, नकल दोरीने बांधा. मग बॉनेटखालचे माउंटिंगचे बाहेरचे नट सोडवा, शेवटचा नट काढताना दुसऱ्या हाताने स्ट्रट खालून धरा. मधला मोठा नट घरी सोडायचा नाही.

गॅरेजात नवा शॉकअप बसवून घेताना वरची माउंटिंग, तिची बेअरिंग, बंप स्टॉप (शॉकअप पूर्ण दबल्यावर धक्का घेणारा रबरी तुकडा) आणि धुळीची टोपी नवी घाला. जुनी दमलेली माउंटिंग नव्या शॉकअपवर बसवली की महिन्याभरात तोच ‘कड्’ परत येतो. तेलाचा शॉकअप दुकानात आडवा पडलेला असतो, तो बसवायच्या आधी उभा धरून तीन-चार वेळा पूर्ण दाबून ओढला पाहिजे, म्हणजे आतली हवा वर जाते. आणि स्प्रिंगचं खालचं टोक तिच्या बशीतल्या पायरीला नीट टेकलेलं आहे ना, हे कंप्रेसर सोडायच्या आधी स्वतः वाकून बघा.

निघालेला जुना गॅसचा शॉकअप कापू नका, जाळात टाकू नका. आत दाब असतो. भंगारवाल्याला देतानाही तसं सांगा.

गाडी खाली आल्यावर

चाकाचे नट समोरासमोरच्या क्रमाने आवळा. मारुतीच्या छोट्या गाड्यांत साधारण ८५ न्यूटन मीटर लागतो, बाकीच्यांचा आकडा त्यांच्या पुस्तकात असतो. इंजिन सुरू करून ब्रेक पेडल दोन-चारदा दाबा, कडक लागतंय ना बघा. स्टीअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवा, कुठली नळी किंवा वायर ताणली जात नाही ना, चाकाला घासत नाही ना, हे दुसऱ्याला बाहेरून बघायला सांगा.

पहिली फेरी घराजवळच. मी जुळे सोलापूरच्या आतल्या रस्त्यांवरून वीसच्या वेगाने जातो, मोकळ्या जागी दोन-तीनदा जोरात ब्रेक मारतो, काच खाली आणि रेडिओ बंद. मग विजापूर रोडवर थोडा वेग. परत आल्यावर प्रत्येक बोल्टावर पाना पुन्हा लावून बघतो.

त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी व्हील अलाइनमेंट करून घ्या. आर्म, टाय रॉड एंड किंवा स्ट्रट बदलला की चाकांचा कोन थोडा तरी हलतोच, आणि स्टीअरिंग सरळ दिसतंय म्हणून ते टाळलं तर टायरची आतली कडा दोन-तीन हजार किलोमीटरमध्ये कापली जाऊ शकते. अलाइनमेंटवाल्याला कुठले पार्ट बदलले ते सांगा आणि आधीचा-नंतरचा कागद मागून घ्या.

शंभर किलोमीटर झाले की, म्हणजे तुळजापूरला जाऊन आल्यावर, पुन्हा एकदा गाडीखाली वाका. चाकाचे नट, आर्मचे बोल्ट, लिंक रॉडचे नट यांवर टॉर्क रेंच फिरवा. आवळलेल्या प्रत्येक बोल्टावर मी पांढऱ्या रंगाची एक रेघ नटावरून चासीपर्यंत ओढतो. रेघ तुटलेली दिसली तर तो बोल्ट सरकला, पाना लावायचीही गरज नाही. सहा महिन्यांनी बुशमध्ये बॅटरी मारून बघा. दुसऱ्यांदा बसवलेला माझा आर्म आता चौथ्या उन्हाळ्यात आहे आणि त्याच्या रबरावर अजून एक चीर नाही.